दुहेरी दिसण्यापासून ब्रॅक्युरीपर्यंत

कॉर्डोमा हा हाडाचा कर्करोग फार विरळा. सगळ्या शरीरातले धरले तरी वर्षाला दहा लाख माणसांत एखादाच. त्यातले साधारण एक तृतीयांश कवटीच्या तळाशी क्लायव्हस नावाच्या हाडात होतात, बाकीचे कण्याच्या खालच्या टोकाला त्रिकास्थीत नाहीतर मणक्यांत. आमच्या घरात हे निदान झालं. नंतर ओळखीपाळखीतून कवटीच्या तळाच्या गाठीची शंका असलेली आणखी माणसं बेळगाव भागातल्या खानापूर, निपाणी, हुक्केरीकडून विचारायला येत राहिली. कुठली तपासणी कशाच्या आधी करायची हे या आजारात फार महत्त्वाचं असतं. हाडातून तुकडा एकदा चुकीच्या पद्धतीने काढला की ती पहिली संधी परत येत नाही. म्हणून जसं होतं त्याच क्रमाने लिहितो आहोत.

क्लायव्हस नाकाच्या मागे, कवटीच्या अगदी मध्यावर असतं. वर पिट्युटरी ग्रंथीची खोबण, खाली मानेकडे जाणारं मोठं भोक आणि या दोन्हींमधलं हे तिरकं हाड. त्याच्या मागच्या बाजूला ब्रेनस्टेम (मेंदूचा कण्याकडे उतरणारा देठ) अगदी लागून असतो, दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. गर्भात कण्याच्या आधी नोटोकॉर्ड नावाची एक दोरी तयार होते. जन्मानंतरही तिच्या काही पेशी या हाडात उरू शकतात आणि कॉर्डोमा त्यांच्यातूनच वाढतो. तंबाखू, खाणंपिणं, मोबाइल यांचा याच्याशी संबंध नाही. निपाणीकडच्या तंबाखूत राबलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगितलं.

गाठ हळू वाढते. पहिली खूण बहुधा डोळ्यात दिसते, कारण डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस क्लायव्हसवरूनच वर चढते आणि हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून पुढे जाते. गाठीने ती दाबली की एका वस्तूच्या दोन दिसायला लागतात. त्या शेजारी-शेजारी दिसतात, एकावर एक नाही. लांबचं बघताना त्रास जास्त, पुस्तक वाचताना कमी. ज्या बाजूची नस दाबली गेली तिकडे बघितलं की दोन्ही प्रतिमा आणखी लांब जातात. त्यामुळे माणूस नकळत मान थोडी वळवून बसायला लागतो. याच्या जोडीला डोक्याच्या मागे किंवा डोळ्यांच्या मागे खोल दुखतं. गाठ क्लायव्हसच्या खालच्या भागात असेल तर डोळे ठीक राहतात, पण जीभ एका बाजूला वळते, गिळताना ठसका लागतो, आवाज बसतो. पुढे नाकाकडे वाढली तर नाक चोंदतं आणि ते सायनस म्हणून महिनोन्महिने चालत राहतं.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. लांबच्या दिव्याकडे बघायला सांगून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे, म्हणजे दोष नसेत किंवा स्नायूत. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील तर मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर असं डोळ्यातलंच काहीतरी आहे. ही गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. नुसतं ‘अंधुक दिसतं’ म्हटलं की गाडी चष्म्याकडे वळते. जिभेसाठी आरशासमोर जीभ सरळ बाहेर काढायला सांगायची. ती एका बाजूला वळत असेल, त्या बाजूला बारीक किंवा सुरकुतलेली दिसत असेल, तर तेही लिहून न्या.

बराच वेळ इथेच जातो. आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाला साखर असणं नवं नाही, आणि साखरेमुळेही सहावी नस अधू होते. ते खरंच असतं आणि बहुधा तीन महिन्यांच्या आत आपोआप बरं होतं. त्यामुळे ‘साखर आटोक्यात ठेवा, वाट बघू’ हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. पण वाट बघण्याला मर्यादा हवी. तीन महिन्यांत सुधारणा नाही, सोबत सतत डोकं दुखतं, चेहऱ्याचा एखादा भाग बधिर आहे, दुसरी एखादी नस अधू होते आहे किंवा माणूस पन्नाशीच्या आतला आहे, यातलं एक जरी असेल तर थांबायचं नाही. दुसरी फसगत अशी की गाठ जागेवर असतानाही दुहेरी दिसणं मधेच कमी होतं, कधी काही आठवडे थांबतंसुद्धा. औषध लागू पडलं असं वाटून घरचे निर्धास्त होतात. गेलेला त्रास परत आला, तर ती एमआरआयची वेळ आहे.

तालुक्याच्या गावात आधी साधं सीटी होतं आणि ‘मेंदू नॉर्मल’ असा कागद हातात पडतो. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण प्रश्न मेंदूचा नव्हता. साध्या सीटीचे काप बहुधा 5 मिलिमीटर जाडीचे असतात. कानामागच्या दोन घट्ट हाडांच्या मधल्या पट्ट्यात क्ष-किरणांच्या रेघा उमटतात आणि क्लायव्हस नेमकं तिथेच असल्यामुळे त्या भागातलं बारीक काही दिसत नाही. म्हणून नॉर्मल सीटीवर समाधान मानू नका.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन’ लिहून आणू नका. डॉक्टरांकडून त्यावर सहाव्या नसेची तक्रार, कुठल्या बाजूची, किती दिवसांची हे लिहून घ्या आणि कवटीचा तळ, क्लायव्हस, कॅव्हर्नस सायनस बघायला सांगा. 3 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, मध्यरेषेतून उभा छेद, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतरची चित्रं, नंतरच्या चित्रांत चरबीची चमक दाबलेली, डिफ्यूजन, आणि नसा दिसाव्यात म्हणून सिस किंवा फिएस्टा नावाचा सीक्वेन्स, एवढं असेल तर बहुधा दुसऱ्यांदा मशीनमध्ये झोपावं लागत नाही. 1.5 टेस्लाचं मशीन निदानाला पुरतं. मशीनच्या ताकदीपेक्षा चिठ्ठीवरचा प्रश्न आणि कापांची जाडी महत्त्वाची. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन लागतं, ते आदल्या दिवशीच करून घ्या. बहुतेक गॅडोलिनियम औषधांचा डोस किलोला 0.2 मिलिलिटर असतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिलिटर. किडनी खूपच कमजोर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पाऊण ते एक तास हलायचं नाही. पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू, दातांच्या धातूच्या टोप्या हे नोंद करतानाच सांगा. दातातल्या धातूमुळे त्या भागातलं चित्र विस्कटू शकतं. बायकांच्या बाबतीत वेळ जातो तो जोडव्यांत. वर्षानुवर्षं बोटात घट्ट बसलेली जोडवी मशीनच्या दारात निघत नाहीत आणि मागची रांग ओरडायला लागते. घरूनच साबण लावून काढून या, मंगळसूत्र, मोरणी आणि केसातल्या पिनाही.

फिल्म हातात आली की घरच्या माणसालाही एक गोष्ट बघता येते, फक्त ती कुठे बघायची हे ठाऊक हवं. चेहरा बाजूने दिसतो असा मधोमध कापलेला टी-1 (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार) छेद शोधा, कॉन्ट्रास्ट देण्याआधीचा. नाकाच्या मागे, ब्रेनस्टेमच्या पुढे, वरून खाली तिरका उतरणारा पट्टा म्हणजे क्लायव्हस. मोठ्या माणसात त्याच्या मज्जेत चरबी असते, त्यामुळे टी-1 वर तो मागच्या ब्रेनस्टेमपेक्षा उजळ दिसायला हवा. तो करडा किंवा काळा दिसत असेल, त्याची मागची कड तुटलेली असेल, तर काहीतरी आहे. लहान मुलांत ही मज्जा मुळातच गडद असते आणि मोठ्या माणसात जुना ॲनिमिया असला तरी ती गडद होऊ शकते. म्हणून यावरून घरच्या घरी निदान करायचं नाही, रेडिओलॉजिस्टना विचारायचं. ‘डॉक्टर, क्लायव्हसची मज्जा नॉर्मल आहे का?’ एवढा प्रश्न पुरतो. त्यासाठी ते तीच फिल्म पुन्हा वर धरून बघतात.

कॉर्डोमा टी-2 या दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर लखलखीत पांढरा दिसतो, गोळ्यागोळ्यांचा, मध्ये काळ्या रेषा. मागे वाढून तो ब्रेनस्टेमला दाबून खड्डा पाडत असेल तर त्या खड्ड्याला रेडिओलॉजीत ‘थंब साइन’ म्हणतात. एमआरआयनंतर त्याच भागाचं पातळ कापांचं सीटी करतात, 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी, हाडांच्या विंडोत. एमआरआयवर मऊ भाग कळतो आणि सीटीवर हाड किती खाल्लं गेलं ते. दोन्ही लागतात. कॉर्डोमात हाड विरघळलेलं आणि मध्ये तुटके तुकडे अडकलेले दिसतात. याचा जवळचा शेजारी कॉन्ड्रोसार्कोमा. तो बहुधा मध्यरेषा सोडून एका बाजूच्या सांध्यापासून सुरू होतो आणि त्यात कंसांच्या, कड्यांच्या आकाराचे चुन्याचे ठिपके असतात. डिफ्यूजनमध्ये एडीसी (गाठीत पाणी किती मोकळं फिरतं त्याचं माप) कॉन्ड्रोसार्कोमात जास्त, कॉर्डोमात त्यामानाने कमी. या दोघांत फरक करणं औपचारिक काम नाही. कॉन्ड्रोसार्कोमाचं पुढचं चित्र बरंच चांगलं असतं आणि उपचाराच्या आखणीचा नकाशा बदलतो.

क्लायव्हसच्या मागे नोटोकॉर्डचा निरुपद्रवी उरलेला तुकडाही सापडतो. तो लहान असतो, हाड खात नाही आणि कॉन्ट्रास्ट बहुधा घेत नाही. त्याला हात न लावता ठरावीक काळाने नुसतं स्कॅन करून बघतात. तो बघून घाबरलेली माणसंही आम्हाला भेटली आहेत.

आता सगळ्यात घाईची आणि सगळ्यात जास्त चुकणारी जागा. गाठ दिसली की घरचे म्हणतात, तुकडा काढून बघा. त्याआधी काही साध्या रक्तचाचण्या हव्यात. पहिली प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची. पिट्युटरीची प्रोलॅक्टिन बनवणारी मोठी गाठ खाली क्लायव्हस खाऊन उतरू शकते आणि फोटोत कॉर्डोमासारखी भासू शकते. तिला बहुधा ऑपरेशन नाही, गोळ्या लागतात. सोबत कॉर्टिसॉल आणि थायरॉइड. प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी. वयस्क पुरुषात पीएसए, कारण प्रोस्टेटचा कर्करोगही या हाडात पसरतो. बायकांत स्तनांची तपासणी. ईएसआर, सीआरपी आणि साखर, कारण साखरेच्या माणसात कवटीच्या तळाच्या हाडाला जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग होतो. 2021 च्या म्युकरच्या लाटेनंतर ही शंका आपल्याकडचे डॉक्टर लगेच घेतात, आणि ती घ्यायलाच हवी. क्षयही विसरायचा नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाकाची मागची पोकळी बघावी, कारण तिथला कर्करोग वर हाडात चढतो आणि त्याचा तुकडा बाहेरूनच सहज मिळतो. हे सगळं आठवड्याभरात होतं, खर्च एमआरआयच्या मानाने थोडा.

तुकडा कुठे आणि कोणी काढायचा? वाट बहुधा नाकातून, दुर्बिणीने, स्फिनॉइड सायनस उघडून. स्कॅनवर चित्र अगदी ठरावीक असेल तर अनुभवी टीम वेगळी बायोप्सी करत नाही. एकाच ऑपरेशनमध्ये फ्रोझन सेक्शनवर (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीवर) खात्री करून शक्य तेवढी गाठ काढते. याचं कारण असं की गाठीच्या पेशी कापलेल्या वाटेत रुजू शकतात, आणि अर्धवट काढलेल्या गाठीवरचं दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, ‘डॉक्टर, क्लायव्हसच्या गाठी तुमच्याकडे किती होतात, आणि न्यूरोसर्जन व नाकाचे सर्जन दोघं मिळून करतात का?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. बेळगावात बीम्सचा सरकारी दवाखाना आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, तपासणीचा पहिला टप्पा इथे किंवा कोल्हापूर-मिरजेला होतो. पुढे बहुतेकांचे दोनच रस्ते असतात. मिरज-पुण्यावरून दादरला जाणारी गाडी पकडून परळचं टाटा, नाहीतर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला निम्हान्स (मेंदू-नसांचं रुग्णालय) किंवा किदवई (कर्करोगाचं). आपली भाषा कुठे चालते, राहायला नातेवाईक कुठे आहेत, यावर माणसं ठरवतात. ते चूक नाही, पण सर्जनचा अनुभव त्याच्या वर ठेवा.

काढलेला तुकडा साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत आणि करडा असतो. तो लगेच 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तुकड्याच्या किमान दहापट द्रावात. सलाईनमध्ये रात्रभर ठेवला तर पेशी सडतात. त्यात हाडाचे तुकडे मिसळलेले असतात आणि हाड कापायला मऊ (डीकॅल्सिफाय) करावं लागतं. ते काम कडक ॲसिडने घाईने केलं की पेशी ओळखण्यासाठी नंतर दिलेले रंगाचे डाग नीट उठत नाहीत आणि डीएनएची चाचणी तर फसतेच. उपाय सोपा आहे. मऊ तुकडे वेगळे काढून ॲसिडशिवाय त्यांचा स्वतंत्र ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) बनवायचा, हाडाच्या भागासाठी ईडीटीए वापरायचं. ऑपरेशनच्या आधी सर्जनना एक ओळ लिहून द्यायची विनंती करा, ‘कॉर्डोमाची शंका, मऊ भाग डीकॅल्सिफाय करू नये.’ ऑपरेशन झाल्यावर ही विनंती करून उपयोग नसतो.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाचताना एक शब्द शोधा, ब्रॅक्युरी, म्हणजे नोटोकॉर्डच्या पेशींतलं एक प्रथिन. 2006 पासून ही कॉर्डोमाची सगळ्यात भरवशाची खूण मानली जाते. डाग पेशीच्या केंद्रकात उठायला हवा. साध्या डागात चिकट द्रावात तरंगणाऱ्या, पोकळ्यांनी भरलेल्या फिसॅलिफोरस पेशी दिसतात, पण तेवढ्यावर थांबलं तर म्युकस बनवणाऱ्या दुसऱ्या कर्करोगाचा पसारा आणि कॉर्डोमा यांची गल्लत होते. सायटोकेराटिन आणि ईएमए हे डाग पॉझिटिव्ह, ब्रॅक्युरी पॉझिटिव्ह म्हणजे कॉर्डोमा. एस-100 पॉझिटिव्ह पण केराटिन आणि ब्रॅक्युरी निगेटिव्ह म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमाकडे कल. एस-100 दोघांतही येतं, म्हणून एकट्या त्याच्यावरून काही ठरत नाही. कॉन्ड्रोसार्कोमात आयडीएच जनुकातला बदल शोधतात, पण तिथे एक खाच आहे. मेंदूच्या गाठींसाठी वापरतात तो आयडीएच-1 चा डाग एकच बदल पकडतो आणि कॉन्ड्रोसार्कोमात बहुधा वेगळाच असतो. डाग निगेटिव्ह आला म्हणजे बदल नाही असं होत नाही, त्यासाठी जनुकाचं सीक्वेन्सिंग लागतं. रुग्ण लहान मूल किंवा तरुण असेल तर आयएनआय-1 चा डागही झालाच पाहिजे. तो हरवलेला असेल तर तो पुअरली डिफरन्शिएटेड प्रकार, जास्त आक्रमक, 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वेगळा धरलेला. लहान लॅबमध्ये ब्रॅक्युरीचं रसायन ठेवलेलं नसतं, कारण मागणी नसते. त्यात त्यांचा दोष नाही. ‘मिक्झॉइड ट्यूमर (चिकट द्रावाची गाठ), पुढील तपासणी करावी’ असा रिपोर्ट आला तर तो प्रामाणिक आहे असं समजा आणि ब्लॉक घेऊन मोठ्या केंद्रात जा.

आता कागद. आपल्या भागात नावं तीन लिपींतून फिरतात. रेशन कार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार आणि दवाखान्याचा केसपेपर इंग्रजीत. आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर, लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. जुन्या कागदांवर बेळगाव, 2014 नंतरच्यांवर बेळगावी. शहराचं चालून जातं, माणसाचं नाव जुळलं नाही तर ब्लॉक स्वीकारताना अडवतात, आणि अडवायलाच हवं, कारण दुसऱ्याचा ब्लॉक तपासला गेला तर केवढं नुकसान. पहिल्या तपासणीपासून आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी बरणीवरचं लेबल नातेवाइकाने एकदा वाचून घ्यावं. तेवढं करू देतात.

बरोबर न्यायचं ते असं: स्कॅनची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेन ड्राइव्ह, नुसत्या फिल्म नाहीत. सगळे ब्लॉक, डाग दिलेल्या काचा, आणि जमलं तर दहा-पंधरा कोऱ्या काचा कोटेड स्लाइडवर. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशन नोट. ब्लॉक मेणाचे असतात. चैत्र-वैशाखात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडतात. छोट्या डबीत कापूस घालून हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.

पैशांचं. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमधून बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं, म्हणून बीम्समध्ये आधी नोंद करून ठेवणं उपयोगाचं. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव त्यात आहे का आणि कुठल्या रुग्णालयात हे चालतं, ते त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला निघण्याआधी फोनवर विचारा. भरती होण्याआधीची स्कॅनिंग बहुधा खिशातूनच करावी लागते, त्याची तजवीज वेगळी ठेवा.

निदान पक्कं झालं की पूर्ण कण्याचा एमआरआय आणि छातीचं सीटी करतात, आजार दुसरीकडे आहे का बघायला. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांच्या आत पुन्हा एमआरआय हवा, म्हणजे गाठ किती उरली ते सूज आणि व्रण यांच्यात मिसळण्याआधी कळतं. घरी आल्यावर खाली वाकताना नाकातून पाण्यासारखं, खारट थेंब-थेंब गळलं तर ती सर्दी नाही. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं, त्याच दिवशी सर्जनना फोन करा, नाहीतर मेंदुज्वराचा धोका असतो. रेडिएशन साध्या डोसने भागत नाही. 70 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) वर द्यावं लागतं आणि शेजारचा ब्रेनस्टेम एवढा डोस सोसत नाही, म्हणून प्रोटॉन किरणांचा विचार होतो. देशात तो चेन्नईच्या अपोलोत आणि नवी मुंबईत खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये मिळतो. तिथला पहिला कागद म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही एमआरआय. आधीची सीडी घरात कुठे ठेवली आहे, ते आजच बघून ठेवा.